वेचणीचा हिशोब: वावरातल्या फोनपासून सर्व्हरपर्यंत एकच भाषा

कापूस वेचणीची मजुरी किलोवर असते. सायंकाळी धुऱ्यावर काट्याला गाठोडं लागतं, आकडा वहीत चढतो आणि आठवडी बाजाराच्या दिवशी बायांचा चुकारा होतो. मध्येच कुणी उचल घेतलेली असते. सीतादही, म्हणजे वेचणी सुरू करतानाची पूजा, झाल्यावरच्या पहिल्या वेचणीचा दर वेगळा, फरदडीचा, म्हणजे हंगामानंतर ठेवलेल्या पिकाचा, वेगळा. हे सगळं वेब अ‍ॅपमध्ये बसवायला कोड फार लागत नाही. अडचण दुसरीच आहे. वावरात रेंज नसते, म्हणून हिशोब फोनमध्येच व्हायला पाहिजे. चुकारा सगळ्या वावरांचा मिळून एका जागेवरून होतो, म्हणून तोच हिशोब सर्व्हरवरही व्हायला पाहिजे. या दोन आकड्यांत एका रुपयाचा जरी फरक निघाला तरी अ‍ॅप बाजूला पडेल आणि पुन्हा वही निघेल.

फोन आणि सर्व्हर दोन्हीकडे एकच भाषा ठेवण्याचं माझ्या मते हे एकमेव दमदार कारण आहे. ‘एकच भाषा शिकावी लागते’ असं नेहमी सांगितलं जातं, त्यात फारसा अर्थ नाही. एचटीएमएल, सीएसएस आणि एसक्यूएल कुणालाच चुकलेले नाहीत. पण दोन भाषा आल्या की हिशोबाचा नियम दोनदा लिहावा लागतो, आणि मग साधी गोळाबेरीजसुद्धा जुळत नाही. अडीचला पूर्णांकात आणायला सांगा: जावास्क्रिप्ट ३ देते, पीएचपी ३ देते, आजची पायथन मात्र २ देते. आता उणे अडीच घ्या: जावास्क्रिप्ट उणे २, पायथन उणे २, पीएचपी उणे ३. तिघींच्याही कागदपत्रांत आपापला नियम स्पष्ट लिहिलेला आहे, त्यामुळे चूक कुणाचीच म्हणता येत नाही. फक्त तीन भाषांचे तीन वेगळे नियम झाले.

ब्राउझरला १९९५ पासून जावास्क्रिप्टच कळते. २००९ मध्ये रायन डाल यांनी क्रोमचं व्ही-८ इंजिन ब्राउझरबाहेर वापरून नोड बनवलं, तेव्हापासून ती सर्व्हरवरही नीट चालते. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिच्यावर टाइपस्क्रिप्ट आणली, म्हणजे कुठे आकडा आणि कुठे मजकूर हे (टाइप) लिहून आधीच तपासता येणारी जावास्क्रिप्ट. नव्या कामाला सरळ टाइपस्क्रिप्ट घ्यावी.

एक गोष्ट आधीच सांगतो. तुमच्या अ‍ॅपला रेंजशिवाय चालायचंच नसेल, सगळं ऑफिसातल्या संगणकावर बसून भरायचं असेल, तर पायथनचं जँगो हे वेब अ‍ॅपचं तयार साधन घ्या. त्याचं तयार अ‍ॅडमिन पान पहिल्याच दिवशी निम्मं काम उरकतं. एकच भाषा फायद्याची ठरते ती नियम दोन ठिकाणी चालवावा लागतो तेव्हा.

तीन फोल्डर

मांडणी साधी ठेवा: फोन, सर्व्हर आणि सामाईक. सामाईक फोल्डरमध्ये फक्त नियम राहतील. वजन कसं वाचायचं, मजुरी कशी काढायची, आठवडा कुठे बंद होतो, कोणती नोंद बाद धरायची, एवढंच. तिथे ना डेटाबेस, ना पडद्यावरचं बटण, ना ‘आत्ता किती वाजले’ हा प्रश्न. तारीखसुद्धा बाहेरून द्यायची.

हा नियम तोंडी ठेवला तर महिनाभरही टिकत नाही. म्हणून तो कंपायलरकडून, म्हणजे टाइपस्क्रिप्टचा कोड तपासणाऱ्या प्रोग्रामकडून, पाळून घ्या. सामाईक फोल्डरला स्वतःची टाइपस्क्रिप्ट सेटिंगची फाइल द्या, तिच्या ‘लिब’ यादीत फक्त ईएस-२०२२ (नुसती जावास्क्रिप्ट भाषा) ठेवा, ‘डॉम’ (ब्राउझरच्या पानाशी संबंधित गोष्टी) काढून टाका आणि ‘टाइप्स’ ही यादी रिकामी ठेवा. मग कुणी तिथे ब्राउझरची विंडो किंवा नोडचा प्रोसेस वापरला की लगेच लाल रेघ येते. कन्सोलवरही येते, कारण त्याची व्याख्या डॉमच्या फाइलीत आहे. ती येऊ द्या. तपासणी मात्र या फोल्डरची स्वतंत्र चालवा. फोनच्या सेटिंगखाली तपासलं तर डॉम आपोआप उपलब्ध होतो आणि चूक दिसतच नाही.

नोड २२.१८ पासून टाइपस्क्रिप्टच्या फाइली थेट चालतात, वेगळं बांधकाम (बिल्ड) लागत नाही. पण नोड फक्त टाइप पुसतं, तपासत नाही. तपासणीला टाइपस्क्रिप्टचा कंपायलर वेगळा चालवावाच लागतो. इम्पोर्ट लिहिताना फाइलीचं शेपूट, म्हणजे टीएस, पूर्ण लिहावं लागतं. ‘इनम’ (ठरावीक पर्यायांची यादी) चालत नाही, कारण तो नुसता पुसून भागत नाही, त्याचा खराखुरा कोड तयार करावा लागतो. टाइपस्क्रिप्ट ५.८ मध्ये ‘इरेझेबल सिंटॅक्स ओन्ली’ नावाची सेटिंग आली आहे, ती लावली की असं काही लिहितानाच अडवलं जातं.

ग्रॅम आणि पैसे

वजन किलोत आणि मजुरी रुपयांत साठवू नका. गाठोडं ३२.३ किलो भरलं, ग्रॅम करायला हजाराने गुणलं, तर जावास्क्रिप्टचं उत्तर ३२२९९.९९९९९९९९९६ येतं. १६.१ किलोचं १६१००.००००००००००००२ होतं. दशांश अपूर्णांक दोनच्या पायात बसत नाहीत म्हणून हे घडतं, आणि ते बहुतेक सगळ्या भाषांत घडतं. पहिल्या आकड्यावर कुणी दशांशापुढचा भाग नुसता कापला तर एक ग्रॅम गेला. म्हणून वजन आत येतानाच पूर्णांकात गोल करून ग्रॅममध्ये ठेवा, दर पैशांत ठेवा, आणि मजुरी म्हणजे ग्रॅम गुणिले प्रतिकिलो पैसे भागिले हजार. दर ११ रुपये धरला तर ३२,३०० गुणिले १,१०० भागिले १,००० म्हणजे ३५,५३० पैसे, ३५५ रुपये ३० पैसे. जावास्क्रिप्टमध्ये पूर्णांक ९,००७,१९९,२५४,७४०,९९१ पर्यंत बिनचूक राहतो. त्या आकड्यापर्यंत पोचेल एवढा कापूस अख्ख्या विदर्भात नाही.

खरा घोळ अर्ध्या पैशावर होतो. वजन ३२.३५ किलो, दर साडेअकरा रुपये: ३७,२०२.५ पैसे. गोल करून ३७,२०३. दुसऱ्या दिवशी कळलं की गाठोडं भलत्याच बाईच्या नावावर चढलं आहे. नोंद खोडायची नसते, म्हणून तेवढ्याच वजनाची उलटी नोंद टाकली, उणे ३७,२०२.५. जावास्क्रिप्टचं गोल करणारं फंक्शन अर्ध्यावर नेहमी वरच्या बाजूला जातं, म्हणून उत्तर उणे ३७,२०२. दोन नोंदींची बेरीज शून्य यायला हवी, पण एक पैसा उरतो. आठवड्याच्या शेवटी ‘बेरीज शून्य आहे का’ असं तपासणारा कोड इथे अडकतो, आणि कारण शोधायला अख्खी दुपार जाते. उपाय एका ओळीचा आहे: चिन्ह बाजूला काढा, धन आकडा गोल करा, मग चिन्ह परत लावा.

हाच हिशोब कुणी एसक्यूएलमध्ये लिहिला तर तिसरंच उत्तर येतं. एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की दशांश सरळ कापला जातो, ३,७२,०२,५०० ला हजाराने भागून ३७,२०२ मिळतात. आणि तिचं राउंड अर्ध्यावर शून्यापासून लांब जातं. म्हणून डेटाबेसला फक्त ग्रॅम, दर आणि तारीख मागा, पैसे सामाईक फाइलीतूनच काढा. साठ बाया आणि नव्वद दिवस धरले तरी ५,४०० ओळी होतात. तेवढं नोड डोळ्याचं पातं लवायच्या आत मोजतं.

रुपयात गोल कधी करायचं, हेही त्याच फाइलीत ठरवा. रोज ३५५.३० मजुरी आणि रोज गोल केलं तर सहा दिवसांचे २,१३०. सहा दिवस पैसे तसेच ठेवून शेवटी गोल केलं तर २,१३१.८० चे २,१३२. बाईचे दोन रुपये जातात. मी शेवटी गोल करण्याच्या बाजूचा आहे, आणि ते सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून ठेवावं.

तारीख

तारखेसाठी जावास्क्रिप्टची डेट ही वस्तू वापरू नका, एवढं एक वाक्य पाळलं तरी निम्मे घोळ टळतात. फोनवर १८ नोव्हेंबरची मध्यरात्र तयार करून ती आयएसओ पद्धतीच्या मजकुरात बदलली की १७ नोव्हेंबर, १८ वाजून ३० मिनिटं असं निघतं, कारण तो मजकूर ग्रिनिचच्या वेळेत असतो आणि आपण साडेपाच तास पुढे. पहिली दहा अक्षरं कापून तारीख म्हणून ठेवली की प्रत्येक वेचणी एक दिवस मागे सरकते. बाजाराच्या आदल्या दिवशीची आणि बाजाराच्या दिवशीची नोंद वेगवेगळ्या आठवड्यांत जायला हवी असेल, तर चुकाराच चुकतो. त्यातच ‘२०२५-११-१८’ एवढाच मजकूर डेटला दिला तर ती तो ग्रिनिचचा समजते, आणि पुढे वेळ जोडून दिला तर स्थानिक समजते. तारीख साध्या मजकुरात ठेवा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. असा मजकूर अक्षरक्रमाने लावला तरी तारखांचा क्रम बरोबर लागतो. सर्व्हरवर ‘आज’ लागलाच तर टाइमझोन आशिया/कोलकाता असं स्पष्ट सांगून काढा, कारण भाड्याचे सर्व्हर बहुधा ग्रिनिचवर लावलेले असतात आणि रात्री बारा ते पहाटे साडेपाच त्यांचा ‘आज’ म्हणजे आपला काल असतो.

देवनागरी आकडे आणि वऱ्हाड

हा भाग बाहेरच्या ट्युटोरियलमध्ये सहसा सापडत नाही. फोनचा कीबोर्ड मराठी असला की आकडे ३२.३ असे देवनागरीत येतात, आणि जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन त्याला ‘आकडा नाही’ म्हणून मोकळं होतं. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. देवनागरी शून्य ते नऊ हे २४०६ ते २४१५ या जागांवर आहेत, इंग्रजी आकडे ४८ ते ५७ वर. प्रत्येक देवनागरी आकड्याच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की काम झालं. हे वाचणारं फंक्शन सामाईक फोल्डरात हवं. रकाना मजकुराचा ठेवा आणि इनपुट मोड ‘डेसिमल’ द्या, म्हणजे आकड्यांचा कीबोर्ड उघडतो आणि काय लिहिलं ते जसंच्या तसं हातात येतं. उलट दिशेने लक्षात ठेवा: आकडा मराठी लोकेलने छापला की तो देवनागरीत येतो, लाख-हजाराच्या स्वल्पविरामांसकट. तो फक्त दाखवायला. तोच परत वाचायला गेलात तर स्वल्पविरामावर अडकाल.

गावांची नावं याहून अवघड. वऱ्हाडातला ‘ऱ’ दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता असे दोन तुकडे. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, डेटाबेसला मात्र दोन वेगळी नावं वाटतात. कुऱ्हा नावाचं गाव मग यादीत दोनदा येतं आणि बायांची नावं दोन यादींत वाटली जातात. मजकूर साठवण्याआधी ‘नॉर्मलाइझ’ हे फंक्शन एनएफसी पद्धतीने (युनिकोडची पद्धत, फोनमधलं एनएफसी नव्हे) चालवलं की हे दोन एक होतात. जुन्या कीबोर्डांची तिसरी तऱ्हा आहे, र, हलंत आणि मागे न दिसणारं जोडचिन्ह. तिला एनएफसी हात लावत नाही, ती स्वतः शोधून बदलावी लागते. मागचे-पुढचे स्पेसही कापा. जाता जाता: जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलचं नावसुद्धा देवनागरीत चालतं. पण कीवर्ड रोमनमध्येच असल्यामुळे प्रत्येक ओळीत दोनदा कीबोर्ड बदलावा लागतो. त्या वाटेला न गेलेलं बरं.

रेंज नसताना

फोनमध्ये नोंदी इंडेक्स्ड-डीबीमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या आतल्या डेटाबेसमध्ये, ठेवा. तिच्यात एक खोच आहे. डेटाबेसचा व्यवहार (ट्रान्झॅक्शन) उघडून मध्येच सर्व्हरकडे मागणी पाठवून थांबलात, तर व्यवहार तेवढ्यात आपोआप बंद होतो आणि पुढच्या ओळीला ‘व्यवहार चालू नाही’ अशी चूक येते. आधी वाचून घ्या, मग पाठवा, मग नवीन व्यवहारात ‘पोचलं’ अशी खूण करा. व्यवहार उघडताना ड्युरेबिलिटी ‘स्ट्रिक्ट’ मागा, म्हणजे नोंद खरोखर साठवली गेल्यावरच ‘झालं’ असं कळतं; सायंकाळपर्यंत बॅटरी दोन टक्क्यांवर आलेली असते. आणि स्टोरेज पर्सिस्टची परवानगी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या शुभ सकाळींनी फोन भरला की ब्राउझर जागा करण्यासाठी अशी परवानगी नसलेल्या साइटचा साठा काढून टाकू शकतो.

ब्राउझरच्या ‘ऑनलाइन’ खुणेवर विसंबू नका. फोन कुठल्याही नेटवर्कला जोडलेला असला की ती हो म्हणते, नेट चालू असो की नसो. रेंज आल्यावर ब्राउझरने आपोआप पाठवण्याची सोय, बॅकग्राउंड सिंक, फायरफॉक्समध्ये आणि सफारीत नाही. त्यापेक्षा अ‍ॅप उघडल्यावर, प्रत्येक नोंदीनंतर आणि नेटवर्क बदलल्यावर पाठवून बघा, पंधरा सेकंदांची मुदत लावून.

कमजोर रेंजचा खरा त्रास वेगळाच. नोंद सर्व्हरवर पोचते, उत्तर मात्र परत येत नाही. फोन समजतो की गेलं नाही आणि पुन्हा पाठवतो. एका गाठोड्याची मजुरी दोनदा लागते. म्हणून प्रत्येक नोंदीला फोननेच रँडम यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी न जुळणारा लांब क्रमांक) द्यायचा, सर्व्हरवर तो प्रायमरी की, म्हणजे नोंदीची मुख्य ओळख, ठेवायचा, आणि आधीच असेल तर गपचूप ‘मिळाली’ म्हणायचं. सर्व्हरने क्रमांक द्यायची जुनी पद्धत इथे चालत नाही.

याची चाचणी घेताना हमखास अडायला होतं. लॅपटॉपवर सगळं छान चालतं. फोनवरून लॅपटॉपच्या हॉटस्पॉटला जोडून आयपी पत्ता टाकला की यूयूआयडीचं फंक्शनच सापडत नाही आणि सर्व्हिस वर्करही, म्हणजे रेंज नसताना अ‍ॅपच्या फाइली पुरवणारा ब्राउझरमधला कोड, बसत नाही. या दोन्ही गोष्टी फक्त एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर मिळतात. फोन केबलने जोडा, अँड्रॉइडच्या एडीबी साधनातल्या ‘रिव्हर्स’ आज्ञेने फोनचा पोर्ट लॅपटॉपच्या पोर्टला बांधा आणि फोनमध्ये लोकलहोस्ट उघडा.

एकच फाइल, पण दोन वयांची

एका भाषेचा गाजावाजा करणारे हे सांगत नाहीत. सर्व्हरवर तुम्ही आज नवा नियम चढवला. फोन चार दिवस वावरात होता, त्यात सर्व्हिस वर्करने ठेवलेली जुनी फाइल आहे. म्हणजे फाइल एक असूनही एकाच वेळी तिच्या दोन आवृत्त्या चालू आहेत. फरदडीचा दर वेगळा धरायला लागलात आणि जुन्या फोनला तो रकानाच माहीत नाही, तर त्याच्या नोंदी सर्व्हर नाकारेल, आणि त्या नोंदी पुन्हा भरायला कुणी वावरात जाणार नाही. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत नियमाचा क्रमांक आणि त्या दिवशीचा दर, दोन्ही साठवा. जुनं मजुरी-फंक्शन काढून टाकू नका, नव्याच्या शेजारी हंगाम संपेपर्यंत राहू द्या. सर्व्हरने नोंद कधी फेकायची नाही. पटली नाही तर ‘तपासायची’ या यादीत टाकायची.

टाइपस्क्रिप्ट इथे काहीच वाचवत नाही. टाइप कोड चालताना पुसलेले असतात. नेटवरून आलेल्या जेसनला (मजकुराच्या रूपात पाठवलेल्या माहितीला) ‘ही वेचणीची नोंद आहे’ असं ‘अ‍ॅज’ लावून जाहीर केलं की कंपायलर गप्प बसतो, पण आत ग्रॅमच्या जागी मजकूर असू शकतो. मग ३२३०० आणि ४१००० यांची बेरीज ३२३००४१००० होते. सीमेवर खरी तपासणी करा, झॉड हे तपासणीचं पॅकेज वापरा किंवा हाताने वीस ओळी लिहा. ती तपासणीही सामाईक फोल्डरातच.

सर्व्हर

एवढ्या कामाला नोडवर सर्व्हर लिहायचं फास्टिफाय आणि एसक्यूलाइट पुरतात. नोड २२.५ मध्ये एसक्यूलाइट आतच आली, २२.१३ पासून वेगळा फ्लॅग लागत नाही. ती काम होईपर्यंत बाकीचा कोड थांबवून ठेवते. मोठ्या साइटला हे नडेल, इथे उलट बरं, कारण ‘अवेट’ (काम होईपर्यंत थांब, असं सांगणारा शब्द) विसरून डेटाबेसात लिहिण्याआधीच ‘जमा’ असं उत्तर जाण्याची चूक होऊच शकत नाही. बाकी जिथे अवेट लागतो तिथे टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंटचा ‘नो फ्लोटिंग प्रॉमिसेस’ नियम लावा, अवेट विसरला की तो दाखवतो. नोड १५ पासून न पकडलेली प्रॉमिसची चूक अख्खी प्रोसेस पाडते. हंगामभराची एक्सेल फाइल बनवण्यासारखं जड काम वर्कर थ्रेडमध्ये, म्हणजे शेजारी स्वतंत्र चालणाऱ्या धाग्यात, टाका, नाहीतर ती बनेपर्यंत सगळ्यांचे फोन ताटकळतात.

सर्व्हर गावातल्याच जुन्या संगणकावर असेल तर लाइन जाणार हे धरून चाला. एसक्यूलाइटची डब्ल्यूएएल पद्धत ठेवा, तिच्यात नवी नोंद आधी शेजारच्या वेगळ्या फाइलीत लिहिली जाते, आणि ‘सिंक्रोनस’ ही सेटिंग फुल ठेवा. बऱ्याच ठिकाणी वेगासाठी नॉर्मल करायला सांगतात. त्याने फाइल बिघडत नाही, पण लाइन गेल्यावर शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात, आणि फोनला तर तुम्ही ‘मिळाली’ सांगून बसलेले असता.

भाड्याचा एक जीबीचा सर्व्हर घेतला तर त्यावर फोनच्या भागाचं बांधकाम करू नका. मेमरी संपते आणि लिनक्स मध्येच प्रोसेस मारतं, पडद्यावर फक्त ‘किल्ड’ दिसतं. लॅपटॉपवर बांधा, तयार फोल्डर चढवा. सर्व्हरवर लॉक फाइलीत (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) आहे तेच बसवणारी ‘एनपीएम सीआय’ ही आज्ञा चालवा, ‘इन्स्टॉल’ नको. पॅकेजं जेवढी कमी तेवढी चांगली. २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज काढून घेतलं गेलं तेव्हा जगभरची बांधकामं अडली होती. फोनच्या भागाच्या बांधकामाला व्हीट हे साधन वापरत असाल तर ज्या सेटिंगचं नाव व्हीआयटीई आणि अंडरस्कोअरने सुरू होतं, ती फोनच्या फाइलीत उघड छापली जाते. डेटाबेसची किंवा एसएमएसची किल्ली त्या नावाने कधीच ठेवू नका.

बॅकअपला डब्ल्यूएएल चालू असताना नुसती डेटाबेस फाइल कॉपी करू नका, शेजारच्या डब्ल्यूएएल फाइलीत राहिलेल्या नोंदी सुटतात. ‘व्हॅक्यूम इंटू’ ही आज्ञा चालत्या डेटाबेसची पूर्ण प्रत काढून देते. ती प्रत लॅपटॉपवर आणा, नोडचीच चाचणी-आज्ञा तिच्यावर चालवा, आणि मागच्या आठवड्याचा प्रत्येक बाईचा चुकारा सामाईक फाइलीतून पुन्हा काढून दिलेल्या रकमेशी ताडून पाहा.